ब्राँझ गमावलेल्या दरबाराची चिनी माती

1131 मध्ये चीनच्या सोंग राजवटीचा सम्राट गाओझोंग याचा दरबार युएझोऊ येथे, म्हणजे आजच्या शाओशिंगला, मुक्काम करून होता. राजधानी हातची गेली होती, वडील आणि भाऊ शत्रूच्या कैदेत होते, आणि त्याच वर्षी मिंगतांगचा महाविधी करायचा होता. स्वर्गाला आणि पूर्वजांना अन्न व मद्य अर्पण करण्याचा हा विधी सम्राटाखेरीज कोणी करू शकत नसे. तो पार पाडणे म्हणजे आपणच खरे सम्राट आहोत हे जगाला दाखवणे. पण विधीला लागणारी पात्रेच दरबाराजवळ उरली नव्हती. शेवटी विधिखात्याने मार्ग काढला: युएझोऊच्या भट्ट्यांना मातीची पात्रे भाजायला सांगावीत.

अडचणीत घेतलेल्या या निर्णयातून पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत चिनी मातीकामाचे एक अख्खे दालन उभे राहिले. ही भांडी दिसतात प्राचीन ब्राँझसारखी आणि त्यांवर झिलई असते जेडसारखी. आज संग्रहालयांत ती 'ग्वान' नावाने, म्हणजे सरकारी भट्टीची भांडी म्हणून, मांडलेली असतात. या प्रकरणात मला सर्वांत मोलाचे वाटते ते कुंभारांचे तारतम्य. धातूचे रूप मातीत आणताना त्यांनी किती गोष्टी जाणूनबुजून सोडून दिल्या, ते पाहण्यासारखे आहे.

काय हरवले होते

शांग आणि झोऊ राजवटींत, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण 1600 पासून पुढे हजारभर वर्षे, चीनमध्ये विधीची पात्रे ब्राँझची ओतली जात. आपल्याकडे पळी, पंचपात्र, ताम्हन यांची कामे ठरलेली असतात, तशी तिथेही प्रत्येक पात्राची नेमणूक ठरलेली होती. दिंग हे मांस शिजवण्याचे तीन पायांचे भांडे. ली त्याच्यासारखेच, पण त्याचे पाय पोकळ आणि फुगीर असतात, त्यामुळे आच आतल्या धान्यापर्यंत लवकर पोचते. ग्वेइमध्ये शिजलेले धान्य वाढायचे. गू हा मद्याचा उंच, कण्यासारख्या बारीक कमरेचा पेला. हू आणि झून मद्य साठवण्यासाठी. कोणी किती दिंग मांडायचे हेही दर्जाप्रमाणे ठरलेले असे, आणि नऊ दिंग हा राजाचा मान होता.

सोंग काळ येईपर्यंत या परंपरेत पंधराशे वर्षांचा खंड पडला होता. ग्रंथांत पात्रांची नावे होती, रूपे विसरली गेली होती. दहाव्या शतकात न्ये चोंगयी या विद्वानाने विधिग्रंथांवरची चित्रे एकत्र केली, पण ती बरीचशी शब्दांवरून कल्पिलेली होती. ज्वे हा मद्याचा पेला त्यात पाठीवर वाटी घेतलेल्या पक्ष्याच्या रूपात काढला आहे. प्रत्यक्षात तो तीन टोकदार पायांचा, एका बाजूला चोच आणि दुसऱ्या बाजूला शेपटी असलेला ब्राँझचा पेला असतो.

अकराव्या शतकात जमिनीतून निघणारी खरी पात्रे विद्वानांनी जमवायला, मोजायला आणि त्यांवरचे लेख वाचायला सुरुवात केली. 1092 मध्ये ल्यू दालिनने अशा वस्तूंची सचित्र सूची तयार केली. सम्राट हुइझोंगने हे काम राजवाड्यात नेले. त्याच्या संग्रहाच्या 'श्वानहे बोगुतु' या 30 भागांच्या सूचीत आठशेहून अधिक पात्रे चित्रांसह नोंदली आहेत. 1104 मध्ये आजच्या शांगछिऊजवळ सहा प्राचीन घंटा सापडल्या, तेव्हा त्यांच्या नमुन्यावर हुइझोंगने दरबारी संगीतासाठी नव्या घंटांचा संच ओतवून घेतला. विधीची नवी ब्राँझ पात्रेही खऱ्या जुन्या पात्रांवरून बनवली गेली. इतक्या निष्ठेने भूतकाळाचा माग काढणारा राजा जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

1127 मध्ये जुर्चेन लोकांच्या जिन सैन्याने राजधानी काइफेंग जिंकली. हुइझोंग आणि गादीवर बसलेला त्याचा मुलगा छिनझोंग यांना कैद करून उत्तरेला नेले. लुटीच्या यादीत विधीची पात्रे, वाद्ये, जेडच्या वस्तू, ग्रंथ, खगोलयंत्रे आणि हुइझोंगने ओतवून घेतलेले नऊ दिंग होते. दुसरा मुलगा गाओझोंग दक्षिणेकडे निसटला. 1128 मध्ये त्याने यांगझोऊला स्वर्गपूजा केली, ती काइफेंगहून कशीबशी आणलेल्या पात्रांवर. पुढच्याच वर्षी जिन घोडदळ यांगझोऊवर चालून आले. सम्राट यांगत्से ओलांडून पळाला आणि उरलीसुरली पात्रेही त्या धावपळीत गेली.

तांबे का मिळाले नाही

पुन्हा ब्राँझ ओतता आले नसते का? तंत्र माहीत होते, ओतारीही मिळाले असते. खरी अडचण तांब्याची होती. सोंग राज्याचे चलन म्हणजे मधोमध चौकोनी भोक असलेली तांब्याची नाणी. 1080 च्या सुमारास टांकसाळींतून वर्षाला 50 लाखांहून अधिक माळा नाणी पडत, आणि एक माळ म्हणजे नावाला हजार नाणी. दक्षिणेत आल्यावर हे उत्पादन दोन लाख माळांच्याही आत आले. त्यातून सैन्याचा पगार भागवायचा होता. पुढे 1158 मध्ये गाओझोंगने राजवाड्यातली सुमारे 1500 तांब्याची भांडी टांकसाळीकडे पाठवली आणि लोकांच्या घरांतलीही तांब्याची भांडी जमा करवली. अशा दिवसांत नव्या विधिपात्रांसाठी तांबे मागणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड गेले असते. त्या काळच्या नोंदींतली तरतूद अगदी सरळ आहे: जी पात्रे तांब्याची किंवा जेडची असायला हवीत, ती तूर्त मातीची आणि लाकडाची करावीत.

मात्र याला निव्वळ गरिबीची तडजोड म्हणणे अपुरे ठरेल, कारण मातीला शास्त्राचा आधार होता. नगराबाहेरच्या वेदीवर स्वर्गाची पूजा करताना पात्रे मातीची आणि भोपळ्याची असावीत, कारण त्यांत स्वर्ग आणि पृथ्वी यांचा साधा स्वभाव उतरतो, असे 'लीजी' या प्राचीन विधिग्रंथात म्हटले आहे. 1131 च्या प्रस्तावातही भोपळ्याचे पेले आणि मातीची पात्रे यांचा उल्लेख जोडीनेच येतो. म्हणजे सर्वांत मोठ्या देवतेपुढे सर्वांत साधे द्रव्य, ही कल्पना आधीपासूनच मान्य होती. ती नसती, तर एवढ्या कर्मठ दरबाराने मातीचे भांडे वेदीवर ठेवूच दिले नसते असे मला वाटते.

नमुना कोणता घ्यायचा

पहिल्या फेरीत एक उणीव राहिली. 1131 मध्ये भट्ट्यांना त्या वेळी वापरात असलेल्या बांबूच्या आणि लाकडी पात्रांचे नमुने दिले गेले. ती घडण खऱ्या ब्राँझवरून आलेली नव्हती, जुन्या पुस्तकी चित्रांच्या परंपरेतली होती. 1134 मध्ये युयाओच्या भट्ट्यांकडे पुन्हा काम गेले. या भागातल्या युए भट्ट्यांची हिरवट झिलई कित्येक शतके नावाजलेली होती. दरबार आला तेव्हा त्यांचा उतरता काळ चालू होता. सीलोंगकोऊ येथे 1998-99 मध्ये झालेल्या उत्खननात दक्षिण सोंगच्या सुरुवातीचे या भट्ट्यांचे काम हाती आले. जुन्या पद्धतीची पातळ, चकचकीत झिलई आणि नव्या तऱ्हेची जाड, मऊ झिलई तिथे एकाच जागी सापडते.

1141 मध्ये जिनशी तह झाला आणि दरबाराला स्थैर्य मिळाले. लिनआनला, म्हणजे आजच्या हांगझोऊला, 1143 मध्ये नगराबाहेर स्वर्गवेदी बांधली. आता पात्रे हुइझोंगच्या सूचीतल्या चित्रांप्रमाणे व्हावीत असा आग्रह सुरू झाला. 1144 मध्ये विधिपात्रांसाठी वेगळे कार्यालय नेमले आणि 1146 पर्यंत नवी पात्रे तयार झाली.

ब्राँझ लुटले गेले, त्यांची चित्रे मात्र वाचली. म्हणून पुढच्या कुंभारांसमोर खरे भांडे क्वचितच असे. असायचे ते लाकडी ठशातून छापलेले रेषाचित्र. अशा चित्रात बाह्यरेषा ठळक असते. वजन, पत्र्याची जाडी, नक्षीचा उठाव यांतले फारसे काही कळत नाही. ग्वान भांड्यांत बाह्यरेषेला जे महत्त्व आले, त्याचे एक मूळ मला इथे दिसते.

दोन भट्ट्या

शाओ चेंगझांग नावाच्या अधिकाऱ्याने जुन्या राजधानीची रीत पुढे चालवत राजवाड्याच्या देखभाल खात्यात, म्हणजे श्यूनेइसीमध्ये, भट्टी सुरू केली. पुढे स्वर्गवेदीखाली आणखी एक भट्टी निघाली, पण तिला पहिलीची सर नव्हती, असे सोंग काळातल्या एका टिपणात लिहिले आहे. वेदीखालची भट्टी, जियाओतानश्या, हांगझोऊच्या दक्षिणेला वूग्वेइ टेकडीपाशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सापडली. तिथे 1956 मध्ये आणि पुन्हा 1985 पासून उत्खनन झाले. उतारावर चढत जाणारी सुमारे 40 मीटर लांबीची भट्टी आणि कारखान्याचे अवशेष निघाले. आज त्याच जागी संग्रहालय आहे.

पहिल्या भट्टीचा पत्ता त्यानंतरही बराच काळ लागत नव्हता. 1996 मध्ये फेंगहुआंग टेकडीजवळ, राजवाड्याच्या तटापासून थोड्याच अंतरावर, लाओहुदोंग नावाच्या घळीत खापऱ्या उघड्या पडल्या. उत्खननात फुटक्या भांड्यांनी भरलेले 24 खड्डे मिळाले. दोषी माल फोडून पुरला जात असे, कारण राजवाड्यासाठी बनवलेले भांडे बाजारात जाऊ द्यायचे नव्हते. त्या निष्ठुर शिस्तीमुळेच आज हजारो खापऱ्या जुळवून पात्रे पुन्हा उभी करता आली. चाकाच्या एका भाजलेल्या कड्यावर श्यूनेइसी भट्टीचे नावही कोरलेले मिळाले.

मातीत काय उतरते

आता कुंभाराच्या बाजूने पाहू. ब्राँझचे पात्र मातीच्या अनेक तुकड्यांच्या साच्यात ओतले जाई. साच्याचे तुकडे जुळतात तिथे सांधा उमटतो, आणि तो झाकण्यासाठी ओतारी त्या रेषेवर दातेरी उभे पंख ठेवत. साच्यात आतून कोरल्यामुळे अंगभर बारीक नक्षी घेता येई: चौकोनी भोवरे, मोठ्या डोळ्यांचे पशुमुख. धातू पातळ असूनही मजबूत, म्हणून पाय निमुळते आणि कान मोठे चालत.

माती भाजताना आकसते, वाकते. सपाट कोपरे चिरतात, जड कान ओढ देतात. शिवाय हांगझोऊच्या कुंभारांना झिलई जाड हवी होती. हुइझोंगच्या दरबाराने उत्तरेतल्या रू भट्टीच्या निळसर, जेडसारख्या झिलईची आवड लावून ठेवली होती आणि दक्षिणेत तीच आवड पुढे चालली. त्यासाठी भांडे आधी कच्चे भाजून घ्यायचे, मग झिलईचा थर द्यायचा, वाळवायचा, पुन्हा थर द्यायचा. काही खापऱ्यांच्या कडेला झिलईची जाडी आतल्या मातीहून जास्त दिसते. 1200 अंशांच्या आसपास, प्राणवायू तुटपुंजा ठेवून भाजल्यावर त्या थरात असंख्य सूक्ष्म बुडबुडे आणि स्फटिक अडकून राहतात. प्रकाश त्यांवर विखुरतो आणि पृष्ठभाग काचेसारखा न चमकता मऊ उजळतो.

अशा झिलईखाली बारीक नक्षी कोरून काय उपयोग? ती बुजणारच. युए कुंभारांची पातळ झिलई असती तर पशुमुखे कोरता आली असती. इथे जाड झिलई निवडली त्याच क्षणी नक्षीवर पाणी सोडावे लागले. मग कुंभारांनी उरलेल्या गोष्टींवर जीव ओतला: खांद्याचा वळसा, मानेची उंची, पायाचा फुगवटा, आणि एखाददुसरी उठावाची रेघ. उठावाच्या धारेवरून वितळलेली झिलई ओघळते, तिथला थर पातळ होतो आणि खालच्या मातीचा रंग डोकावतो. हांगझोऊची माती लोहयुक्त, गडद. म्हणून काठ जांभळट तपकिरी दिसतो आणि झिलई नसलेली बैठक लोखंडासारखी काळपट. नक्षीचे सगळे काम या दोन-चार गडद रेषा करतात.

या मातीत लोह इतके असते की भांडे शुभ्र, आरपार उजेड जाणारे कधीच होत नाही. चीनमध्ये मात्र त्याची गणना उंची चिनी मातीतच झाली आहे.

भेगांच्या जाळ्याचे कारणही याच मातीत आणि झिलईत आहे. थंड होताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते, ताणली जाते आणि तडकते. हा खरे तर दोष. पण मोकळ्या, नक्षीहीन पोटावर ते जाळे पसरले की पृष्ठभाग रिकामा वाटत नाही. कुंभारांना आणि राजवाड्याला ते आवडले असणार, नाहीतर तीही भांडी खड्ड्यात गेली असती.

हू आकाराच्या कलशाचे उदाहरण घ्या. ब्राँझच्या काही जुन्या कलशांना मानेच्या दोन्ही बाजूंना उभ्या नळ्या असत. ग्वान कलशावर त्याच नळ्या आहेत, पण त्यांतून दोरी ओवून मातीचे जड भांडे उचलायचा विचार कोणी करणार नाही. त्यांचे काम आता डोळ्यांसाठी आहे: मानेची सरळ रेघ त्या दोन बाजूंनी पक्की करतात आणि पोटाचा घेर अधिक भरलेला भासतो.

ली या पात्राची गोष्ट मला सर्वांत जवळची. त्याचे पोकळ, फुगीर पाय मुळात कुंभारांनीच शोधले होते. लोंगशान संस्कृतीच्या काळात, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकात, मातीची ली चुलीवर चढत होती. शांग ओताऱ्यांनी ते रूप धातूत उचलले. अडीच-तीन हजार वर्षांनी सोंग कुंभारांनी ब्राँझच्या चित्रावरून ते परत मातीत आणले. यांगत्से खोऱ्यात अशी देवाणघेवाण त्याआधीही झाली होती. वूशीजवळच्या होंगशान येथे प्राचीन युए राज्याच्या काळातल्या थडग्यांत ब्राँझच्या नमुन्यावर बनवलेल्या मातीच्या घंटा आणि पात्रे निघाली आहेत. मातीच्या घंटेचा नाद होत नाही. त्या मृतासोबत पुरण्यासाठीच होत्या. सोंग काळातली मातीची पात्रे जिवंत विधीत वापरली गेली, हा फरक मोठा आहे.

वेदीवरून माजघरात

विधीसाठी तयार केलेली रूपे लवकरच राजवाड्याच्या आणि विद्वानांच्या खोल्यांत शिरली. ली आणि ग्वेइ धूपदाणी झाल्या, गू आणि हू फुलदाणी. धूप जाळणे, चहा करणे, चित्र टांगणे, फुले मांडणे या चार गोष्टी तेव्हा सुसंस्कृत घराची खूण मानल्या जात. प्राचीन पात्रात शिजवलेले धान्य देवापुढे जाई. आता त्याच पोटात राख आणि निखारा. ज्यांची उत्तरेकडची घरे, थडगी आणि ग्रंथसंग्रह शत्रूच्या मुलखात राहिले होते, त्यांच्या मेजावर झोऊ काळाची आठवण करून देणारे एवढे एक भांडे असे.

मागणी वाढली तशी दक्षिण झेजियांगमधल्या लोंगच्वान भट्ट्यांनीही ही रूपे घेतली. तिथली माती फिकट. त्यामुळे लीच्या प्रत्येक पायावरून उतरणाऱ्या उभ्या धारेवर झिलई ओघळली की पांढरट रेघ उमटते. ब्राँझच्या दातेरी पंखाचे एवढेच अवशेष उरले आहेत, आणि माझ्या मते मातीत त्याचे यापेक्षा चांगले भाषांतर झाले नसते. या धूपदाण्यांच्या पायांना आतल्या बाजूने बारीक छिद्रे आढळतात. पोकळ पायात कोंडलेली हवा भट्टीत तापून भांडे फोडू नये, यासाठीची ती सोय.

लोंगच्वानचा माल समुद्रमार्गे दूर गेला. 1323 च्या सुमारास निंगबोहून जपानकडे निघालेले एक जहाज कोरियाच्या सिनानजवळ बुडाले. 1970 च्या दशकात ते सापडले तेव्हा वीस हजारांवर चिनी मातीची भांडी वर आली. त्यांत बहुतांश लोंगच्वानची, आणि ली व ग्वेइच्या घडणीच्या धूपदाण्याही. त्याच जहाजात 28 टन तांब्याची नाणी होती. जपानी मठांना आणि चहाच्या जाणकारांना ही धूपदाणी कोणत्या चिनी विधीतून आली याच्याशी फारसे कर्तव्य नव्हते. रूप आपल्या बळावर टिकले होते.

उलट दिशेचा प्रयोग

चार शतकांनी, छिंग दरबारात, हा विषय पुन्हा निघाला. 1728 मध्ये जिंगदेझेन या पोर्सेलीनच्या गावी पोचलेल्या तांग यिंग या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तिथल्या कुंभारांनी ग्वान झिलईच्या हुबेहूब नकला केल्या. च्येनलोंग सम्राटाच्या काळात तर त्यांनी पोर्सेलीनला थेट ब्राँझचे रूप दिले: तपकिरी झिलई, त्यावर गंजाचे हिरवे-निळे डाग, सोन्याचांदीच्या जडावाचा भास देणाऱ्या रेघा, आणि सोंग कुंभारांनी सोडलेली सगळी पशुमुखे. भांडे हातात घेईपर्यंत ते धातूचे नाही हे कळू नये, अशी ती कामगिरी आहे.

हे कौशल्य थक्क करणारे आहे, आणि तरी मला ते हांगझोऊच्या कामापेक्षा दुय्यम वाटते. च्येनलोंगकडे ब्राँझची कमतरता नव्हती. त्याच्या स्वतःच्या संग्रहाच्या सूच्या हुइझोंगच्या सूचीपेक्षा मोठ्या झाल्या. त्याला माती काय काय होऊ शकते याचा चमत्कार पाहायचा होता. सोंग दरबाराला पात्र हवे होते, आणि माती मातीच राहूनही वेदीवर शोभली पाहिजे ही अट होती. त्या अटीने कुंभारांना जे शोधायला लावले, ते गंजाचे डाग रंगवून मिळणारे नव्हते.

ग्वान भांडी पाहायची असतील तर तैपेईचे राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालय, हांगझोऊचे भट्टीवरचे संग्रहालय आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला पर्सिव्हल डेव्हिड संग्रह या मुख्य जागा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी पोर्सेलीन आहेत. तिथे फुलदाण्यांच्या खांद्याकडे, कानांकडे आणि मधल्या उठावाच्या पट्ट्यांकडे लक्ष दिले, तर कोणत्या घडणीमागे गू किंवा हू उभा आहे हे ओळखायची सवय लागते. ग्वान भांड्यापुढे उभे राहिलात तर आधी काठ पाहा, मग बैठक, मग उठावाच्या रेघा. झिलई कुठे पातळ होऊ दिली आहे हे कळले की कुंभाराने काय ठेवायचे ठरवले होते तेही कळते.